ओहायो नदीकाठच्या शहराचा खुला दप्तरखाना : सिनसिनाटीच्या ग्रंथालयाचा छायाचित्र संग्रह

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओहायो नदीच्या उत्तर तीरावर सिनसिनाटी हे शहर वसले आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्याकडची जुनी छायाचित्रे, नकाशे, शहराच्या डिरेक्टऱ्या (रहिवाशांच्या नावापत्त्यांची छापील पुस्तके) आणि नदीवरच्या वाहतुकीचे कागद इंटरनेटवर खुले केले आहेत. ते पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि सभासदत्वही लागत नाही. पवनी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एक संगणक, एक जुना प्रोजेक्टर आणि लहरी इंटरनेट एवढीच सामग्री आहे, आणि तेवढ्यावरही हा संग्रह नीट वापरता येतो. नदीकाठी राहणाऱ्या, जुन्या नोंदींची किंमत कळणाऱ्या आणि मुलांना इतिहास शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो उघडून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात उणिवाही आहेत, त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

संग्रहाचा गाभा म्हणजे चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर या दोन छायाचित्रकारांनी २४ सप्टेंबर १८४८ रोजी घेतलेले आठ पत्र्यांचे सलग चित्र. त्यांनी कॅमेरा नदीच्या दक्षिणेला, केंटकी राज्यातील न्यूपोर्ट येथे मांडला आणि तो थोडा थोडा फिरवत समोरच्या काठाचा सुमारे दोन मैलांचा पट्टा टिपला. ही सर्व चित्रे डागेरोटाइप पद्धतीची आहेत. या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरून प्रकाशग्राही करतात, कॅमेऱ्यात ठेवून त्यावर प्रकाश पाडतात आणि नंतर पाऱ्याच्या वाफेने त्यावर चित्र उमटवतात. निगेटिव्ह नसल्यामुळे त्या पत्र्याची दुसरी प्रत निघत नाही. जो पत्रा कॅमेऱ्यात होता तेच चित्र. येथील प्रत्येक पत्रा साडेसहा बाय साडेआठ इंचांचा, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानाहून फारसा मोठा नाही, आणि तरीही एवढ्याशा जागेत शेकडो घरे, गोदामे, काठाला ओळीने लागलेल्या आगबोटी आणि मागची टेकाडे स्पष्ट दिसतात.

या पत्र्यांवर धूळ आणि डागांचे थर चढले होते. २००६ च्या सुमारास ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाऊस या छायाचित्रण संग्रहालयाकडे जतनासाठी पाठवण्यात आले, आणि तेथे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची पाहणी झाली. छापील छायाचित्र खूप मोठे केले की त्याचे ठिपके दिसू लागतात. डागेरोटाइपमध्ये मात्र सूक्ष्मदर्शकाखालीही नवे तपशील उलगडत जातात. दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या, खिडक्यांचे पडदे दिसले, आणि एका चर्चच्या मनोऱ्यावरचे जेमतेम एक मिलिमीटरचे घड्याळ दुपारचे दोन वाजायला पाच मिनिटे कमी असल्याचे सांगू लागले. ग्रंथालयाने ही चित्रे मोठी करून पाहता येतील अशा रूपात वाचकांपुढे ठेवली, हे या सेवेचे सर्वांत मोठे देणे होय. एरवी असा पत्रा पाहायला मिळालाच तर काचेच्या पेटीबाहेर उभे राहून, मान तिरकी करून पाहावा लागतो, कारण आरशासारख्या चकाकणाऱ्या चांदीत आधी आपलाच चेहरा दिसतो.

पत्र्यांवर कोणी तारीख कोरून ठेवलेली नव्हती. पुढच्या काळातील अभ्यासकांनी चित्रातील आगबोटी ओळखल्या, त्या कधी बांधल्या गेल्या आणि कोणत्या दिवशी सिनसिनाटीच्या घाटाला होत्या याच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्यातून एकच दिवस उरला. तो रविवार होता. एवढ्या मोठ्या बंदरावर माणसे इतकी विरळ का, हा प्रश्न आमच्या वाचनालयातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचे एक उत्तर त्या वारात आहे आणि दुसरे तंत्रात. पत्र्याला काही काळ प्रकाश द्यावा लागे, त्यामुळे चालणारा माणूस किंवा धावणारी गाडी त्यावर उमटत नसे. जो स्थिर उभा राहिला तोच उरला. नुसते चित्र पाहून हे कळले नसते. बोटींच्या रुक्ष नोंदवह्या कोणीतरी जपल्या होत्या, म्हणून त्या चित्राला वार आणि तारीख मिळाली. या संग्रहाचे वेगळेपण मला येथेच दिसते. येथे छायाचित्र एकटे सोडलेले नाही. त्याच्या शेजारी त्याच काळातला कागद ठेवलेला आहे आणि दोन्ही एकमेकांना बोलते करतात.

कॅमेरा जेथे उभा होता त्या जागेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. १८४८ मध्ये केंटकी हे गुलामगिरी कायदेशीर असलेले राज्य होते आणि ओहायोत गुलामगिरीला बंदी होती. म्हणजे हे चित्र गुलामगिरीच्या भूमीवरून मुक्त भूमीकडे पाहत घेतलेले आहे. त्या पाण्यापलीकडे पोहोचण्यासाठी माणसांनी जिवाची बाजी लावली. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री गोठलेल्या ओहायोवरून आपल्या लेकराबाळांसह याच शहराकडे पळून आली, पकडणारे दाराशी येताच लेकरू पुन्हा त्या जिण्यात जाऊ नये म्हणून तिने आपल्या मुलीचा जीव घेतला, आणि त्यानंतर तिला परत पाठवण्यात आले. पलीकडचा काठही सर्वस्वी दयाळू नव्हता. सिनसिनाटीत कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर जमावाचे हल्ले झाले होते. त्याच शहरात जेम्स प्रेस्ली बॉल या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने याच काळात आपला डागेरोटाइप स्टुडिओ नावारूपाला आणला, ही गोष्टही त्या चित्राबरोबर सांगितली जावी. हे सारे ठाऊक असलेला वाचक त्या आठ पत्र्यांकडे निव्वळ सुंदर देखावा म्हणून पाहू शकणार नाही.

छायाचित्रांनंतर मी सर्वाधिक वेळ डिरेक्टऱ्यांमध्ये घालवला. सिनसिनाटीची पहिली डिरेक्टरी १८१९ ची, आणि १८४९-५० पासून विल्यम्स यांच्या डिरेक्टऱ्या निघू लागल्या. त्यांत शहरातील रहिवाशांची नावे वर्णानुक्रमे, व्यवसाय आणि पत्ता यांसह छापलेली आहेत. पिंपे बनवणारा, घोडागाडी हाकणारा, बोटीवरचा खलाशी, धोबीण, मेणबत्त्या ओतणारा असे सगळे तेथे भेटतात. डुकराचे मांस खारवून पिंपांत भरणे हा तेव्हा या शहराचा मुख्य धंदा होता, आणि त्या चरबीवर साबण-मेणबत्त्यांचा व्यवसाय उभा राहिला. विल्यम प्रॉक्टर आणि जेम्स गॅम्बल यांनी १८३७ मध्ये येथेच भागीदारी सुरू केली, आणि त्यांच्या कंपनीची कपडे धुण्याची पावडर आज आमच्या गावच्या किराणा दुकानात टांगलेली असते. घाटाचे चित्र, डिरेक्टरीतली नावे आणि दुकानातली पुडी अशी साखळी मुलांपुढे मांडली तेव्हा ती पान उलटू द्यायला तयार नव्हती.

या डिरेक्टऱ्यांची मर्यादा ओळखायला आपल्याकडच्या वाचकाला वेळ लागणार नाही. विदर्भात सामान्य माणसाचा जुन्या दप्तराशी संबंध येतो तो बहुधा जातवैधतेच्या कामासाठी, कोतवाल बुकाची नक्कल काढताना. पणजोबाच्या जन्माची किंवा मृत्यूची ती एक ओळ आणि तिच्यातले जातीचे नाव सापडावे म्हणून माणसे तहसीलीच्या पायऱ्या झिजवतात. अमेरिकेतील त्या काळच्या डिरेक्टऱ्यांतही कृष्णवर्णीयांच्या नावापुढे रंगाची खूण छापण्याची रीत होती. विवाहित स्त्रीचे नाव सहसा येत नाही, आणि विधवा झाली की अमक्याची विधवा म्हणून येते. मुले नाहीत, आणि आज येथे तर उद्या तेथे काम करणारे मजूर पुष्कळ सुटलेले आहेत. ज्या नोंदीने माणसाला खाली ढकलले, तीच पुढे त्याच्या वंशजाला त्याच्यापर्यंत नेते, हा अनुभव त्या देशातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा आहे आणि आपलाही आहे. फरक एवढाच की तेथे ते पान घरी बसून उघडता येते.

आगबोटींच्या दालनाविषयी थोडक्यात लिहितो. या ग्रंथालयात अंतर्गत नद्यांवरील वाहतुकीचा स्वतंत्र संग्रह आहे, आणि त्यात बोटींची छायाचित्रे, मालाच्या पावत्या, प्रवासाच्या नोंदी असा ऐवज आहे. त्यातली आणि त्या आठ पत्र्यांतली काही चित्रे आम्ही भिंतीवर दाखवली, तेव्हा वैनगंगेत आयुष्यभर डोंगा हाकलेले एक ढिवर बाबाजी बराच वेळ पाहून म्हणाले, "गुरुजी, ह्या बोटीचा तळ चपटा असन न जी? नाही तं एवढी काठाले लागली नसती." त्यांचे म्हणणे अचूक होते. त्या नद्यांवरच्या आगबोटी चपट्या तळाच्या आणि कमी पाण्यात तरंगणाऱ्या असत, आणि सिनसिनाटीचा घाट दगडी फरसबंदीचा उतरता बांधलेला होता, म्हणजे पाणी चढो वा उतरो, बोटीला काठाशी नाक टेकवता यावे. चित्राखालच्या टिपणात हे मला आढळले नव्हते. नदीवर जगलेल्या माणसाला अशी चित्रे दाखवली तर तो त्यांत नवी माहिती भरतो, म्हणून ही दालने केवळ विद्यार्थ्यांसाठी ठेवू नयेत. मुलांचे लक्ष मात्र चित्रात पूल कसा नाही याकडे गेले. सिनसिनाटीत नदीवरचा पहिला मोठा झुलता पूल १८६६ च्या अखेरीस खुला झाला. १,०५७ फुटांचा त्याचा गाळा तेव्हा जगात सर्वांत लांब होता, आणि त्याचा आराखडा जॉन रोब्लिंग यांचा होता.

१९३७ च्या महापुराची छायाचित्रे हे या शहराच्या दप्तराचे दुसरे मोठे अंग. सिनसिनाटीत ओहायोची पूरपातळी ५२ फूट धरली जाते. २६ जानेवारी १९३७ रोजी पाणी जवळजवळ ८० फुटांवर गेले आणि तो उच्चांक आजवर मोडलेला नाही. त्याआधी १८८४ मध्ये ते ७१ फुटांवर चढले होते. २४ जानेवारीच्या रविवारी तेलाच्या टाक्या वाहून फुटल्या आणि पाण्यावर आग लागली. त्या दिवसाला तेथील लोक काळा रविवार म्हणतात. वीज गेली, पिण्याचे पाणी मोजून द्यावे लागले. या छायाचित्रांत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून होडीत उतरणारी माणसे दिसतात, भिंतीवर पाण्याची रेघ दिसते, आणि बहुतेक चित्रांत रस्त्याचे नाव दिलेले असल्यामुळे ती नकाशावर मांडता येतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर आम्ही पाहिला आहे. मध्य प्रदेशातल्या धरणातून सुटलेले पाणी भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावांत शिरले, आणि कारध्याच्या पुलाजवळची पातळी दर तासाला मोबाइलवर फिरत होती. त्या पुराची हजारो छायाचित्रे लोकांनी काढली, पण त्यांतली बहुतेक फुटलेल्या आणि बदललेल्या मोबाइलांबरोबर गेली, आणि जी उरली त्यांवर ना गाव लिहिलेले आहे ना वेळ. सिनसिनाटीच्या संग्रहातील पुराची छायाचित्रे पाहताना मला हेवा वाटला तो छायाचित्रकारांचा नव्हे, तर प्रतींमागे पेन्सिलीने रस्त्याचे नाव लिहिणाऱ्या त्या अनामिक हातांचा.

येथे मला ग्रंथालयाच्या बाहेर, त्याच शहरातील दुसऱ्या एका संग्रहाकडे वळावे लागते, कारण तो वगळून या विषयावर लिहिणे मला शक्य नाही. सिनसिनाटीचे जुने भव्य रेल्वे स्थानक आता संग्रहालय आहे आणि तेथील इतिहास विभागात केनियन-बार या वस्तीची छायाचित्रे आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शहराने महामार्ग आणि औद्योगिक वसाहतीसाठी पश्चिमेकडची ही दाट वस्ती पाडायचे ठरवले, आणि पाडण्याआधी मोबदला ठरवण्यासाठी एकेका इमारतीचे छायाचित्र काढले. २५,७३७ माणसे विस्थापित झाली आणि त्यांतली जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होती. चित्रांची रचना सरकारी कामाची आहे: समोर घर, घरापुढे हातात क्रमांकाची पाटी धरलेला एक माणूस, आणि पुढच्या चित्रात पुढचे घर. पण चित्राच्या कडेला पायरीवर बसलेली मुले आहेत, न्हाव्याचे दुकान आहे, खिडकीतून डोकावणारी बाई आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. ज्या कागदांनी ती वस्ती संपवली त्याच कागदांत ती वस्ती शिल्लक राहिली, आणि अनेक वर्षांनी तेथील लोकांनी प्रदर्शनात आपापली घरे बोट ठेवून दाखवली.

आमचे गाव पुनर्वसित आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढे भंडारा व नागपूर जिल्ह्यांतली नदीकाठची गावे एकामागून एक उठली. आमच्याही घरांवर क्रमांक पडले, मोजणी झाली, पंचनामे झाले, घराचे छप्पर कौलारू की टिनाचे, भिंत मातीची की विटांची, अंगणात आंबा किती आणि मोह किती, हे सगळे लिहिले गेले. जुन्या गावाचे आज काही उरले असेल तर ते त्या याद्यांत आहे, आणि त्या याद्या घरोघरी ट्रंकेत, मोबदल्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात पडून आहेत. केनियन-बारची छायाचित्रे भिंतीवर पाहिल्यानंतर गावातल्या बायकांनी आपणहून ते कागद काढून आणले. एका मायने पंचनाम्यातल्या नोंदीवरून आपले जुने घर, शेजारचे घर, मारुतीचा पार आणि नदीकडे उतरणारी वाट जमिनीवर खडूने काढून दाखवली. एखाद्या परक्या शहराचे दप्तर आपल्या माणसांना आपले कागद उघडायला लावत असेल, तर त्या सेवेला याहून मोठी पावती मी देऊ शकत नाही.

आता उणिवा. सर्व माहिती इंग्रजीत आहे आणि डिरेक्टऱ्यांतील व्यवसायांची नावे संक्षिप्त रूपात आहेत, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलाला शेजारी बसवून शिकवावे लागते. जुन्या छपाईतील अक्षरे यंत्राने वाचून शोधयोग्य केलेली असतात आणि अस्पष्ट पानावर ती चुकतात. नाव सापडले नाही म्हणजे ते नाहीच असे न धरता ते पान डोळ्यांनी चाळावे. छायाचित्रांवरच्या टिपणांत इमारतींची आणि बोटींची ओळख भरपूर आहे, पण काम करणाऱ्या माणसांची ओळख फार थोडी आहे. ते सारे आज कळणार नाही हे मान्य केले, तरी केंटकीच्या काठावर तेव्हा गुलामगिरी होती हे वाक्य तरी अशा प्रत्येक चित्राखाली असायला हवे, असे मला वाटते. त्या चित्रानंतर वर्षभरातच, १८४९ मध्ये, पटकीच्या साथीने या शहरात हजारो माणसे मेली. नुसते चित्र पाहून जाणाऱ्याला हेही कळत नाही.

वापराबाबत काही सूचना. संपूर्ण डिरेक्टरीची फाइल मोठी असते आणि खेड्यातल्या इंटरनेटवर ती दिवसा उतरवण्याचा प्रयत्न करू नये. पहाटे लावून ठेवावी, एकदाच उतरवावी आणि पेनड्राइव्हवर सर्वांसाठी ठेवावी. आठ पत्र्यांचे चित्र मोबाइलच्या पडद्यावर पाहिले तर काहीच हाती लागत नाही, त्यासाठी संगणक किंवा प्रोजेक्टर हवा. छापायचे असेल तर प्रत्येक चित्राखालची हक्कांविषयीची ओळ वाचावी, कारण सर्वच चित्रे सारख्या अटींवर खुली नाहीत. ज्यांच्याकडे इंटरनेट फारच मंद आहे त्यांनी वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयातील डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीच्या छायाचित्रांपासून सुरुवात करावी. १९०० च्या आसपासची अमेरिकेतील नदीकाठची शहरे आणि त्यांचे घाट त्यांत आहेत, आणि तीच चित्रे लहान आकारातही उतरवता येतात. शिक्षकांनी एका तासाला एकच पत्रा घ्यावा. त्यातली एक पाटी, एक बोट आणि एक घर निवडून त्यांचा माग डिरेक्टरीत आणि नकाशावर काढायला लावले, तर पाचवी ते दहावीची मुले मनापासून रमतात.

आमच्या वाचनालयात १८४८ च्या आठही पत्र्यांची चित्रे, पुराची निवडक छायाचित्रे आणि व्यवसायांच्या संक्षेपांची मराठी यादी एका ठिकाणी करून ठेवली आहे. परिसरातील शाळांना आणि वाचनालयांना ती हवी असल्यास पेनड्राइव्ह घेऊन यावे. धानाची रोवणी चालू असेपर्यंत वाचनालय फक्त संध्याकाळी उघडे असते. जुन्या गावाचे पंचनामे किंवा छायाचित्रे ज्यांच्याकडे असतील त्यांनी तीही सोबत आणावीत. प्रत काढून मूळ कागद त्याच वेळी परत दिला जातो, आणि प्रतीमागे गाव, घरक्रमांक व सांगणाऱ्याचे नाव लिहून घेतले जाते.